यंत्राला दिसलेलं कुंकू

हसू नका, पण खंडेनवमीला आम्ही एका उजेडाची पूजा केली. आमच्या पिरंगुटच्या कारखान्यात वितळलेल्या प्लास्टिकमध्ये डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक भुकटी मिसळतात. ती सगळीकडे सारखी पसरली का, हे काचेतून आरपार उजेड सोडून सांगणारं नवं यंत्र आलंय.

आमचे ऑपरेटर दत्तूमामा, जवळच्या माले गावचे, त्यांनी पूजा केली. मशीन चालू केलं, तर स्क्रीनवर गुठळ्याच गुठळ्या! सगळा माल फेकायची वेळ आली.

"मामा, काचेला कुंकू लावलंत?" मी विचारलं.

"न्हाई वो, वरच्या झाकणाला लावलं."

काच तर स्वच्छ दिसत होती. तरी पुसली, आणि पांढऱ्या फडक्यावर झाकणावरून झडलेल्या कुंकवाची पुसट लाली उतरली. गुठळ्या गायब!

मामांनी यंत्राला हात जोडले. "जल्मभर देवांना कुंकू लावलं. पोचलं म्हणून सांगनारा ह्योच पयला."