पोत्याचं तोंड

किशनलाल : आ कर. मोठा. अजून मोठा. जीभ वर घे.

रूपकंवर : लोक बघताहेत. दवाखान्याचं बाक आहे हे, अरिहंतचे पप्पा.

किशनलाल : बघू दे. अठरा दिवस झाले, रोज सकाळी बॅटरी लावून बघतो, मला एक फोड दिसत नाही. कॅन्सर शे का लपंडाव शे? डावीकडची दाढ दाखव.

सोनम : शेठजी, ती बॅटरी आधी बंद करा. रांगेतल्या बाकीच्या बायकाही आ करून बसल्यात.

किशनलाल : बरं झालं सोनम सिस्टर, तुम्ही आल्या. तुम्हीच दाखवा. कुठं आहे तो?

सोनम : कोण?

किशनलाल : कॅन्सर. हिच्या तोंडाचा.

सोनम : तोंडाचा?

रूपकंवर : सिस्टर, तुमचा चहा झाला का?

सोनम : रूपकंवरबाई, घरी काय सांगितलंय तुम्ही?

रूपकंवर : तुम्ही जे सांगितलं तेच. थोडं आखूड करून.

किशनलाल : आखूड नाही, पहिल्यापासून ऐका. होळीच्या आधी ही म्हणाली, दाढ दुखते. मी म्हटलं, आपल्याच गल्लीत दाताचा डॉक्टर आहे. नाही! सरकारी दवाखान्यातली सोनम सिस्टरच पाहिजे. मग म्हणे, तुकडा काढून तपासायला पाठवला. मग म्हणे, तोंडाचा कॅन्सर. आणि त्या दिवसापासून बघतो, पापड, शेव, खाकरा, सगळं कुडूमकुडूम खाते. तोंडाचा पेशंट असा खातो?

सोनम : नाही खात.

किशनलाल : मग! आता म्हणे सोमवारी नाशिकला ऑपरेशन, आणि कागदावर सही मी करायची. मी नाही करणार. आमच्या मुलीच्या, अल्पनाच्या सासऱ्यांनी सुरतच्या मोठ्या तोंडाच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. सोमवारचीच.

रूपकंवर : मोठ्या तोंडाचा डॉक्टर कशाला?

किशनलाल : तोंडाचा मोठा डॉक्टर! बघा, हिला मस्करी सुचते.

सोनम : शेठजी, सोमवार चुकवायचा नाही. नाशिकची पुढची तारीख दीड महिन्यानंतरची आहे. आज रोग लहान आहे, जागच्या जागी आहे. दीड महिन्यानंही तेवढाच राहील, असं मी म्हणणार नाही.

किशनलाल : मग दाखवा, लगेच सही करतो. चाळीस वर्षं किराणा विकतो, माल न बघता कधी सही केली नाही.

सोनम : ते मी सांगू शकत नाही. आजार त्यांचा आहे. त्यांच्या तोंडून ऐका.

किशनलाल : तोंडातच तर रोग आहे, तोंडून काय ऐकू?

रूपकंवर : तुम्हीच सांगा ना, सिस्टर. तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला लाज नाही.

सोनम : आभारी आहे.

रूपकंवर : तसं नव्हतं म्हणायचं मला.

सोनम : मला कळलं. पण मी सांगितलं तर शेठजी सुरतला विचारून येतो म्हणतील. तुम्ही सांगितलं तर इथंच ऐकतील.

किशनलाल : काय लपवता दोघी? अरिहंतची मम्मी, खरं सांग. तू चोरून तंबाखू खात होतीस?

रूपकंवर : कांदा ज्या घरात येत नाही त्या घरात मी तंबाखू खाईन?

किशनलाल : मग माझ्यामुळंच झालं हे. चाळीस वर्षं मी खाल्ली, आणि रोग तुला लागला.

रूपकंवर : काहीतरीच.

किशनलाल : काहीतरीच नाही. सिस्टर, त्याच दिवशी मी फळीवरचा सगळा माल काढला. बिडी, तंबाखू, चुन्याच्या डब्या. वीरसिंग धडगावहून आला, म्हणाला, शेठ, पुडी द्या. म्हटलं, नही शे भाऊ. तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसं काही मीठच संपलं. मीही सोडली. अठरा दिवस झाले. तलफ आली की तराजूत गूळ जास्तच पडतो.

रूपकंवर : तुम्ही सोडली? मला वाटलं, सर्दीमुळं चिडचिड चालली आहे.

किशनलाल : कुणाला सांगितलं नाही. टिकलं नसतं तर हसू झालं असतं.

रूपकंवर : अरिहंतचे पप्पा, गव्हाचं पोतं आलं की तुम्ही आधी काय बघता?

किशनलाल : आता गहू कुठून आला मध्येच?

रूपकंवर : सांगा तर.

किशनलाल : तोंड बघतो. कीड लागली असेल तर आधी तोंडाशी जाळं दिसतं. मग लोखंडी परखी खुपसून मूठभर दाणे काढतो, तळहातावर घेऊन बघतो.

रूपकंवर : तशी बायकांनाही एक पिशवी असते.

किशनलाल : बाजाराची?

रूपकंवर : पोटातली. अरिहंत आणि अल्पना जिच्यात वाढले ती. तिलाही तोंड असतं. ते तोंड.

किशनलाल : म्हणजे हे तोंड ते तोंड नव्हे?

सोनम : तोंडच आहे, शेठजी. खालच्या मजल्यावरचं.

किशनलाल : आणि मी अठरा दिवस बॅटरी घेऊन वरच्या मजल्यावर! आणि तू रोज आ करत होतीस!

रूपकंवर : लग्न झाल्यापासून इतकं निरखून तुम्ही कधी बघितलं नव्हतं. मग मीही बोलले नाही.

किशनलाल : दाढ?

रूपकंवर : दाढ ठणठणीत आहे. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि पुन्हा डाग दिसायला लागले. हे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला कसं सांगायचं? दाढ म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही.

किशनलाल : डाग केव्हापासून?

रूपकंवर : दिवाळीपासून.

किशनलाल : दिवाळी ते होळी. चार महिने. साखरेचं पोतं ओलं झालं तरी तू हाक मारतेस मला.

रूपकंवर : साखरेची लाज वाटत नाही.

किशनलाल : सिस्टर, तो तुकडा काढला, तो परखीसारखा?

सोनम : तसाच. फक्त तांदळाच्या दाण्याएवढा.

किशनलाल : आणि ऑपरेशनमध्ये तेवढं तोंड कापणार?

सोनम : तोंडासकट पिशवी काढणार. आजूबाजूच्या गाठीही काढून तपासतील. तिथं काही निघालं तर पुढं किरणांचे उपचार. नाही निघालं तर नुसती नियमित तपासणी.

किशनलाल : अख्खं पोतंच काढणार? मग हिच्यात काही कमी तर पडणार नाही?

रूपकंवर : माल कधीच निघाला हो. एक गल्ल्यावर बसलाय, एक सुरतला नांदते. रिकामं पोतं सांभाळून काय करायचं?

किशनलाल : आणि माझी तंबाखू?

सोनम : तुमच्या तंबाखूनं नाही झालं. एक विषाणू असतो. पुष्कळ जणींना कधीतरी लागतो आणि आपोआप जातो. एखादीच्या शरीरात वर्षानुवर्षं दबून राहतो. यात कुणाची चूक नसते.

किशनलाल : म्हणजे मी उगाच सोडली?

सोनम : परत धरलीत तर बॅटरी मी आणीन.

किशनलाल : पेन द्या. सही कुठं करू?

सोनम : इथं. आणि इथं. आधी वाचून घ्या.

किशनलाल : वाचतो. "गर्भाशयमुख". एवढा चांगला शब्द होता, तो का नाही सांगितला घरी?

रूपकंवर : त्यातला अर्धा सांगितला होता.

किशनलाल : आणि सुरतला व्याह्यांना काय कळवू?

रूपकंवर : तोंड बरं आहे म्हणा. खोटं नाही त्यात.

(सात महिन्यांनंतर. शहाद्यातलं किशनलालचं किराणा दुकान, सकाळची वेळ.)

सोनम : पाव किलो जिरं द्या, शेठजी. आणि हा नाशिकहून आलेला रिपोर्ट घ्या.

किशनलाल : तुम्हीच वाचा. माझा चष्मा... चष्मा कुठं गेला?

रूपकंवर : नाकावर आहे.

सोनम : स्वच्छ आहे. गाठीत तेव्हाही काही नव्हतं, आताही कुठं काही नाही. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं.

किशनलाल : पुन्हा वाचा.

सोनम : स्वच्छ आहे.

किशनलाल : जिऱ्याचे पैसे घेणार नाही मी.

सोनम : घ्यावे लागतील. रूपकंवरबाई, ऑपरेशननंतरचा तो लघवीचा त्रास?

रूपकंवर : गेला. दीड महिना फार जीव खाल्ला त्यानं. आता फक्त वजन उचलू देत नाहीत हे. परवा तेलाचा डबा सरकवला तर अर्ध्या बाजारात ओरडले.

सोनम : बरोबर केलं. पण मी भांडायला आलेय तुमच्याशी. दिवाळी जवळ आली तशी माझ्याकडं बायकांची रांग लागली आहे. या महिन्यात तेरा जणी आल्या. केसपेपरवर काय त्रास लिहू विचारलं तर तेराच्या तेरा म्हणतात, दाढ दुखते.

किशनलाल : काय सांगी ऱ्हायना तुम्ही!

सोनम : आमचे डॉक्टर विचारत होते, पाण्यात काही आलंय का शहाद्याच्या. हे तुमचं काम ना?

रूपकंवर : दुकानात बाई आली की मी विचारते, तपासलं का कधी? नाही म्हणाली की सांगते, जा. घरी विचारलं तर दाढ म्हण.

सोनम : घरी खरं बोलायला शिकवा की.

रूपकंवर : खरं बोलायला मला अठरा दिवस लागले, सिस्टर, तेही तुम्ही पाठीशी होतात म्हणून. आधी त्यांना तिथं पोचू तर द्या. खरं त्या परत येताना बोलतील.

सोनम : कालीबाईच्या तपासणीत सुरुवातीचा डाग निघाला. रोग व्हायच्या आधीचा. छोटा उपचार झाला, त्याच दिवशी घरी गेली.

रूपकंवर : कालीबाई? ती तर मला म्हणाली होती, तिला एकही दाढ उरली नाही.

सोनम : म्हणून तर तिच्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी खरं कळलं. निघते मी. जिऱ्याचे पैसे गल्ल्यावर ठेवलेत.

किशनलाल : या, सिस्टर. ... गेल्या?

रूपकंवर : गेल्या. आता ती बॅटरी कशाला काढता?

किशनलाल : आ कर.

रूपकंवर : तिथं कधीच काही नव्हतं, अरिहंतचे पप्पा.

किशनलाल : माहीत आहे. मोठा कर.