सोळा टाके आणि महेजबीन सिस्टर

...नाही, तुमीच सांगा, माणसानं स्वतःच्या बायकोजवळ जायचं, चाळीस वर्ष संसार केलेल्या बायकोजवळ, तर त्याले दारात अडवायचं? अन् अडवायचं कोणाले, तर मले? या नत्थुजीले? बत्तीस वर्ष एसटीत कंडक्टरी केली मी, अकोला-हिवरखेड, अख्ख्या तालुक्याले मी दारात अडवलं, 'जागा नाही, मागची गाडी पाहा' म्हणून... अन् इथं अकोल्याच्या दवाखान्यात पाच फुटाची एक पोरगी कमरेवर हात ठेवून मले विचारते, "काका, हात धुतले का?"

म्हटलं, बाई, सकाळीच आंघोळ केली. तर म्हणते, "आंघोळीचं नाही विचारलं काका. हात!"

तुमाले सांगतो, झालं काय... आमची लीलाबाई अंगणात घसरली, मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरनं आत रॉड टाकला, वरून सोळा टाके. ऑपरेशन एकदम झकास! पण आपल्या इकडं माहीत हाय न, कोणी दवाखान्यात पडलं की गावातून जीप भरून माणसं येतात, केळी आणतात, पलंगावर बसतात, अन् पहिला प्रश्न काय? "टाके किती?" आता नुसतं सोळा म्हटलं तर पटते का कोणाले? शेजारचा डोमाजी म्हणे, "दाखव न बे नत्थ्या, सोळा बसले कसे?" मग काय करू? अंगठ्याले थुंकी लावायची... तिकिटं फाडायची जुनी सवय, जाते का ती... अन् चिकटपट्टीचं टोक उचलायचं. घ्या, मोजा! तीन दिवसांत चाळीस जणांनी मोजले असतील. एकानं तर बोट लावून मोजले, पंधराच भरले, म्हणून पुन्हा मोजले! लीलाबाई म्हणे, "अहो, झाका न आता." मी म्हणे, थांब वो, मागच्याले दिसलं नाही.

अन् सातव्या दिवशी बाईले ताप! जखमेत पू. नमुना तपासाले गेला अन् निघाला असा जंतू, की नेहमीची औषधं त्याच्यापुढं चालतच नाहीत. डॉक्टर म्हणाले, "हा रॉडपर्यंत पोचला तर रॉड काढावा लागेल. मग बाई चालतील की नाही, आज सांगता येत नाही." ही बाई पहाटपासून घरभर फिरते, ती चालली नाही तर आमच्या घरात हालते काय?

मग ती महेजबीन सिस्टर आली, अकोटची, दवाखान्यात जंतू पसरू न देणं हेच तिचं काम. तिनं लीलाबाईले वेगळ्या खोलीत हलवलं अन् कायदा सुरू! आत जाताना हात धुवा. बाहेर आले, पुन्हा धुवा. गाऊन घाला, हातमोजे घाला. बीपीचं मशीन त्या खोलीचं त्याच खोलीत. पलंगाच्या दांड्या दिवसातून तीनदा पुसा. अन् उठता-बसता एकच, "काका, हात धुतले का?" अरे, हात हाय का घासायची भांडी!

मले आला राग. खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. म्हटलं, हे घे, मागच्या साली घसा धरला होता, मेडिकलमधून आणल्या, दोन गोळ्यांत आराम पडला, बाकी उरल्या, दे बुढीले! तिनं पट्टी पाहिली. म्हणते, "उरल्या काहून?" म्हटलं, बरं वाटलं, सोडल्या. तर ती पोरगी कशी बोलली पाहा, "काका, तुमच्या गाडीत एका फुकट्याले सोडलं, तर दुसऱ्या दिवशी तो काय करायचा?" म्हटलं, चार सोबती घेऊन चढायचा. "बस्स. मनाच्या मनानं गोळ्या खायच्या, मनाच्या मनानं सोडायच्या, म्हणून तर हे जंतू असे मुजोर झाले." पट्टी मी पुन्हा खिशात घातली. बत्तीस वर्षांत मले कोणी असं गप केलं नाही, तुमाले सांगतो.

अन् खरी गंमत तर पुढंच हाय. अमरावतीहून मोठे सर्जन आले तपासाले. मागं दहा-बारा डॉक्टरांची वरात. साहेबांनी खोलीत पाय टाकला, हात सरळ जखमेकडे, अन् ही पाच फुटाची मधात उभी! "सर... हात?"

मले वाटलं, गेली पोरीची नोकरी. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं... अन् गेले नळावर! अंगठे घासले, बोटांच्या मधात घासलं, शाळकरी पोरावानी. आले अन् म्हणाले, "थँक यू सिस्टर." मी मनातल्या मनात तिले कडक सलाम ठोकला. खोटं काहून बोलू!

मग एक दिवस म्हणते, "काका, तुमच्या नाकातला नमुना घ्यायचा." माझ्या? मी काय पेशंट हाय? घातली न काडी! अन् दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट काय... तोच जंतू माझ्या नाकात! मजेत बसला होता, बिनतिकीट! बत्तीस वर्ष मी दुसऱ्याच्या पिशव्या तपासल्या, अन् फुकट्या माझ्याच नाकात!

मले तो थुंकीचा अंगठा आठवला. रडलो मी, सांगायले काय लाज. म्हटलं, सिस्टर, मीच मारून राहिलो न माझ्या बायकोले? ती शेजारी बसली. "कुठून आला, सांगता नाही येत काका. चांगल्या-चांगल्या माणसांच्या नाकात राहते तो, त्यांना काही करत नाही. जखमेत शिरला की त्रास देते. हा मलम, पाच दिवस, दोन्ही नाकपुड्यांत. अन् उद्यापासून दारात उभे राहा. तुमाले अनुभव हाय."

पाहिलं? दुसरी कोणी असती तर मले हाकललं असतं. हिनं ड्युटी लावली!

उभा राहिलो हो दारात. डोमाजी आला जीप घेऊन. म्हटलं, थांब! हात धुतले का? एका वेळी एकच. पलंगावर बसायचं नाही. टाके दिसणार नाहीत! "लय शहाणा झाला बे," म्हणे. पण धुतले. पाच जण रुसून परत गेले, जाऊ द्या... परतलेला माणूस पुन्हा येते, रॉड गेला तर येत नाही.

जखम पुन्हा उघडून साफ केली, कित्येक आठवडे इंजेक्शनं चालली, अन् एक दिवस रिपोर्ट साफ! रॉड जागच्या जागी! त्या दिवशी लीलाबाई वॉकर धरून व्हरांड्यात आली. सगळा वॉर्ड पाहून राहिला, महेजबीन सिस्टर डोळे पुसून राहिली. लीलाबाईनं एक पाऊल टाकलं, दोन टाकली, तिसऱ्याले जराशी डगमगली... मले राहवलं नाही. चाळीस वर्षांत चारचौघांत कधी धरला नव्हता, पण मी हात पुढं केला. म्हटलं, धर वो, लाजू नको.

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. अन् म्हणते, "धुतले का?"

...काय करता? म्हटलं, तशीच उभी राहा, आलोच.