मेघनाचा पासपोर्ट

मी फसलो तो ‘पगार’ या शब्दापाशी. आमची मेघना पीएचडीला स्वीडनला निघाली तेव्हा मी विचारलं, “फी किती?”

“फी नाही बाबा. उलट युनिव्हर्सिटीच पगार देते, वर भरपगारी रजा.”

“म्हणजे नोकरीच की! मग गेल्या गेल्या पासपोर्ट प्रोफेसरांकडे जमा कर. त्यांनी मागेपर्यंत थांबू नकोस, बरं दिसत नाही.”

मस्कतमध्ये नोकरीला लागताना आम्ही सगळ्यांनी तेच केलेलं, पासपोर्ट कंपनीकडे. पोरगी गुणी, तिनेही केलं. संध्याकाळी तिचा फोन आला.

“बाबा, सरांनी पासपोर्ट उघडला, फोटो छान आहे म्हणाले आणि परत दिला.”

“परत? अगं, मग तू उद्या सोडून गेलीस तर?”

“मीही तेच विचारलं. म्हणाले, मग आमचंच काहीतरी चुकलं असेल.”

पुढच्या उन्हाळ्यात तिला भेटायला जायचं म्हणून मी ऑफिसात माझा पासपोर्ट मागितला. क्लार्क म्हणाला, “मिळेल, इन्शाल्ला. पण तुम्ही परत आला नाहीत तर? जामीन म्हणून दोघांच्या सह्या आणा.”

त्या कंपनीत मला तेव्हा एकविसावं वर्ष लागलं होतं.