तात्यांनी ताटावर धरलेला हात

मंडळी, कामं टाकून, उन्हातून आलात. बोलणं अवघड आहे. लिहिताना चुकलेलं वाक्य खोडता येतं, बोलताना येत नाही. म्हणून जपून आणि थोडंच बोलतो.

रहीमतात्या मुलाणी गेले. आमच्या वांग्यांच्या रानाला लागूनच त्यांचं रान. सकाळी बांधावर पहिली हाक त्यांची. "काय मास्तर, शाळंला सुट्टी का वांग्यांना?" हसलात? हसा. तात्यांना चाललं असतं.

हा शब्बीर, त्यांचा मुलगा, पुढं बसलाय. दफन झाल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "दादा, यंदा जत्रंला हितंच थांबू, का जळोचीला बहिणीकडं जाऊ?" ह्याचं उत्तर गावानं द्यायचं. ते माझ्या एकट्याचं नव्हतं. आज गाव जमलंय, म्हणून उभा राहिलो.

भिगवणहून, इंदापूरहून आलेल्या पाहुण्यांना सांगतो. आमच्या म्हसोबाच्या जत्रेत बोकडाला सुरी लावायचा मान मुलाण्यांच्या घराचा. आदल्या दिवशी गावानं त्यांच्या दारात जाऊन बोलावायचं, मग तात्या यायचे. गेल्या वर्षी बोलावणं गेलं नाही. आपलं आपण करू, असं ठरलं. बाहेरून आपल्या धर्माचा माणूस आणला. ठरवणाऱ्यांच्या मनात काय होतं, ते मी आज तपासत बसणार नाही.

तरी तात्या पंगतीला आले. नेहमीच्या जागी बसले. रस्सा आला, तशी त्यांनी ताटावर हात धरला. "नुसती भाकरी वाढ."

वाढप्यानं चेष्टा केली, "का तात्या, पथ्य हाय व्हय?"

"व्हय बाबा. नवीनच लागलंय."

त्यांच्या धर्माच्या रीतीनं न कापलेलं मटण त्यांना चालत नव्हतं. ते गावाला माहीत नव्हतं का? होतं. तात्यांनी कांद्यामिठाशी भाकरी खाल्ली आणि पंगत उठेपर्यंत बसून राहिले. माझी आई, तुमची अक्का, नंतर त्यांच्यावरच चिडली. "असं वाढल्यावर उठून का गेला न्हाय?"

तात्या म्हणाले, "का उठू? पंगत माझी न्हाय का, अक्का?"

मंडळी, अल्पसंख्याक हा शब्द आपण पेपरात वाचतो. देशात किती, राज्यात किती. चहा पिता पिता त्यावर बोलतो. मीही बोलतो. त्या जत्रेनंतर एकदा बांधावर तात्या म्हणाले, "आमी थोडं हाय, ते आमाला म्हायती हाय की मास्तर. जलमापास्नं. गावाला आत्ताच कुणी सांगितलं?"

आहे उत्तर कुणाकडे?

मी स्वतःला उलटही विचारून पाहिलं. तात्या आपल्या उपयोगी पडत होते, म्हणून आपले होते का? सुरी धरली नसती तर नसते का? गावचं असायला उपयोगी पडावं लागतं का? नाही लागत. उद्या शब्बीर म्हणाला, मला हे काम करायचं नाही, तरी तो या गावचाच. हे आधी सांगून ठेवतो.

पण ती पंगत पाहिल्यावर त्या मानाचा अर्थ मला कळला, असं वाटतं. चुकत असेन तर सांगा. देव आपला, बोकड आपलं, आणि हात मुलाण्यांचा. का? सगळ्यांना एकाच पातेल्यातलं खाता यावं, म्हणून. जुन्या माणसांनी एवढ्यासाठी ही रीत घातली असावी.

शब्बीर, माझ्या घरचं उत्तर देतो. यंदा आमच्या नवसाचं बोकड आहे. आई म्हणते, "शब्बीरचा हात लागल्याबिगर मी चूल पेटवणार न्हाय." गावाचं उत्तर गावानं द्यावं.

आता आपण तात्यांसाठी उभे राहू. शांत राहू. ते झालं की मी आणि आई इथून सरळ मुलाण्यांच्या घरी जाणार आहोत, बोलावणं द्यायला. जत्रा अजून लांब आहे, माहीत आहे. रीत आदल्या दिवसाची आहे, तेही माहीत आहे. यंदा तोवर थांबायला नको. ज्यांना यायचंय, त्यांनी सोबत चला.

शब्बीर, तू तेवढा पुढं हो आणि दार उघड. बोलावणं दारात द्यायचं असतं.

रहीमतात्या, गावाचा सलाम घ्या.

उभे राहूया.