इंद्रजितचं वडील येईस्तवर

आवं थांबा, थांबा ईनबाई — तो केस आदी खाली ठेवा बगू. ठेवा म्हंते ना! लेकराच्या बोटाला हात लावायचा न्हाई. तुमची लेक झोपलीय तर झोपू द्या, दमलीय बिचारी अश्विनी, आन तुमी तिच्या उशाशी बसून हे काय आरंभलंय? घोड्याच्या शेपटीचा केस! कुठनं पैदा केलात हो? भोरात लग्नाच्या वरातीला घोडा आलाय त्याच्या मालकाकडनं? आन त्यानं दिला? घोड्यानं लाथ न्हाई मारली? — न्हाई हो, तुमाला हसत न्हाई मी, मी आज सगळ्यालाच हसतीया, सकाळपासनं माझं असंच चाललंय. मघाशी भिंतीवरच्या घड्याळाला हसले. नर्सबाई म्हनली, आजी, नात झाली का लॉटरी लागली? म्या म्हनलं दोन्ही! सरका जरा, बसू द्या. पेढा घ्या. दुसरा घ्या.

मला ठावं हाय, तुमच्या किकवीत बी करत्यात आन आमच्या वेल्ह्याकडं बी करत्यात — जास्तीचं बोट आसलं की त्याच्या बुडाशी केस आवळून बांधायचा, मग ते वाळतं आन आपसूक गळून पडतं. डॉक्टरीण म्हंती असलं घरी करायचंच न्हाई, पिकतं, पोर तापानं फणफणती, काढायचंच तर मागनं दवाखान्यात काढू, घाई काय हाय? पर तिचं बी सोडा. पहिलं बाळंतपण माहेरचं, मान तुमचा, शब्द तुमचा, सगळं कबूल. माझा येवढाच शब्द ऐका — इंद्रजितचं वडील येईस्तवर न्हाई! इंद्रजित मोटरसायकल घिऊन गेलाय यष्टी स्टँडवर, त्यांना आणाया. वेल्ह्याची गाडी, मग नसरापूरला बदलायची, मग भोर — आत्ता येतील. तोवर ह्या पोरीचं सहावं बोट जाग्यावर पायजे. पुढचं पुढं.

काय म्हंता? पोरीची जात हाय, उद्या सोयरीक जुळायची न्हाई? आवं, आमची कशी जुळली मग! आमच्या घरात सहा बोटाची मानसं काय कमी झाली? सासरं व्हतं सहा बोटाचं, आत्तेसासूला तर दोन्ही हातांना, आन ह्यांना उजव्या हाताला, करंगळीच्या भाईर, नखासकट. मला बगायला आलं तवा हात मांडीखाली दाबून बसलं व्हतं. पर च्याची कपबशी पुढं आल्यावर काय करत्यात? काढला हात! माझा बा बगून म्हनला, जाऊ द्या, कामाला येक बोट जास्त. झालं लगीन! दूध काढताना जरा आड येतं, बाकी कुणाचं काय खातंय ते बोट? उलट आमच्या भावकीत मान हाय त्याचा. भाताचं रोप टाकायचं आसलं ना, की वाफ्यात बियाणाची पहिली मूठ सहा बोटाच्या हातानंच पडायची. आदी सासऱ्यांच्या, मग ह्यांच्या. ती पडल्याबिगर वाफ्यात कुणी पाय ठेवत न्हाई. — ह्यांच्या मागनं इंद्रजित? न्हाई. इंद्रजितला पाचच हायेत की, तुमी जावयाचा हात बगितलाय ना. त्याच्या हाती पहिली मूठ न्हाई दिली कदी. तो पाटी घिऊन बांदावर हुबा ऱ्हातो, लहान व्हता तवापासनं हुबाच हाय. आता ह्यांचा हात कापतो, निम्मं बियाणं वाफ्याच्या भाईर जातं, तरी मूठ ह्येच टाकत्यात. इंद्रजित काय बोलत न्हाई. आमच्या घरात कुणीच काय बोलत न्हाई ईनबाई, म्हनून तर माझं तोंड असं सुटलंय आज.

आता निघालंच हाय तर सांगते. न्हाई — नको. जाऊ द्या. पेढा घ्या. — बरं, सांगते, ऐका, पर हळू. इंद्रजित झाला माझ्या माहेरी. बारशाला ह्ये आलं, हातात टोपरं, नवाकोरा सदरा, येवढं खूश! पाळण्यावर वाकलं. पोराचं तोंड न्हाई बगितलं ईनबाई, मुठी उगडल्या. आदी उजवी. मग डावी. मग पुन्यांदा उजवी. आन मग मान वर करून माझ्याकडं बगितलं. बस्स. बोललं काय न्हाई. आजपातूर न्हाई बोललं. मानूस देवासारखं, कदी हात उगारला न्हाई, पोराला काय कमी केलं न्हाई, शाळा शिकवली, गाडी घिऊन दिली. पर न बोलल्यालं ऐकू येतंच की घरात! भावकीतल्या बाया तर तोंडावर म्हनायच्या — 'रतनबाई, बोट माहेरी इसरलीस व्हय गं?' आन ह्यांनी ते ऐकून न ऐकल्यावानी म्हशीकडं निघून जायाचं. म्हशीला काय येवढं बगायचं आसतं हो? मग म्या काय केलं, सांगू? आपुन नवऱ्याचं नाव घेत न्हाई, मग कुणी मालक म्हंतं, कुणी धनी म्हंतं, कुणी नुसतंच 'आवं'. म्या धरलं 'इंद्रजितचं वडील'. 'इंद्रजितचं वडील, जेवाया चला.' 'इंद्रजितचं वडील, छत्री इसरली.' मुद्दाम! उठता-बसता! दुसरी हाकच मारली न्हाई कदी. ऐकू आलं की खांदा जरा हलायचा त्यांचा, आन मी भाकरी थापत ऱ्हायाची. —

अगं बाई! मी काय बोलून बसले हे! तुमच्या जावयाबद्दल, तुमच्याच म्होरं! ईनबाई, डोळं असं मोठं करू नका. तसलं काय न्हाई. न्हाईच! मला ठावं व्हतं ना, माझं मला पुरतं ठावं व्हतं, मला पुरावा कशाला पायजे व्हता? आन हे अश्विनीला सांगायचं न्हाई. किकवीत तर मुळीच न्हाई. पेढ्याच्या खोक्यावर हात ठेवा. ठेवला? बास.

तर आता मजा ऐका. सकाळी नर्सबाईनं पोर दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. मूठ अशी गच्च. म्या म्हनलं बगू, आन हळूच उगडली. उजव्याच हाताला, करंगळीच्या भाईर, मुगाच्या दाण्यायेवढं — आन त्यावर नख! इत्तुसं नख! मी अशी किंचाळले की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. ती श्रावणी डॉक्टर धावत आली, म्हनली, 'आजी, घाबरू नका.' म्या म्हनलं, 'घाबरतंय कोन! मला येवढंच सांग बाई — आज्याचं बोट पोराला सोडून नातीला येतं का?' येतं म्हनली! ईनबाई, येतं! अगदी सरळ, जसं काय यष्टी येती तसं — येतं! मी तिचा मुकाच घेतला. मग सोडते का तिला, हाताला धरून बसवली हितं, म्हनलं पुरं सांग. ती म्हनली, आपल्या अंगात कणाकणात येक पिळाचा धागा आसतो, चऱ्हाटावानी. डीएनए. टीव्हीवर चोर धरत्यात ना त्याच्यावरनं, त्योच! त्याच्यावर सगळं लिवल्यालं — डोळं कसं, केस कसं, बोटं किती. निम्मं आईकडनं, निम्मं बापाकडनं. आन पुढच्या पिढीला ते उतरताना येखादं अक्षर चुकतं. आमच्या कुठल्यातरी खापरपणज्याच्या टायमाला चुकलं आसंल, मग ती चूकच पुढं पुढं आली, जिमिनीसंगट. पर लिवल्यालं हाय म्हनून ते उगवंलच असं न्हाई. इंद्रजितच्या अंगात ते हाय — पहिल्यापासनं व्हतं — नुसतं दिसलं न्हाई. गप बसलं. बापावर गेलंय, दुसरं काय!

हसा की जरा. बरं, नका हसू. म्या तिला इचारलं, चूक म्हंजी वाईटच ना गं? तर म्हंती, आजी, चुका झाल्या नसत्या तर आपुन अजून पान्यातच आसतो. जी चूक कामी आली ती टिकली, जी नडली ती तिथंच संपली, आन काही अशाच बरुबर चालत ऱ्हायल्या, कुणाचं बरं न्हाई आन वाईट न्हाई, ह्या बोटावानी. लई लई मागं, पान्यातनं जिमिनीकडं सरकनारी जनावरं व्हती म्हनं, त्यांतल्या काहींना आठ आठ बोटं. आठ! मग हळूहळू आपल्या वाट्याला पाच ऱ्हायली. म्हंजी बगा — ही पोर जास्तीची न्हाईच, आपुनच कमी पडलोय! आन ऐका, आमच्या इंद्रायणी भाताच्या वावरात येखादं लोंब येगळंच निघतं, लांब कुसळाचं. मी दर साली उपटून बांदावर फेकते, भेसळ म्हनून. ती म्हंती, जगातलं सगळं भात असल्याच येगळ्या लोंबांतनं आलंय, कुणीतरी ते न उपटता राखलं म्हनून. राखलं म्हनून, ईनबाई! आन तुमी हितं वरातीच्या घोड्याचा केस घिऊन बसलाय.

काय? अक्षर नव्यानं बी चुकू शकतं, ह्या पोरीपास्नं? व्हय, लई हुशार तुमी, म्या बी तेच इचारलं. हुतं म्हनली कदीमदी. पर तुमच्या घरात कुणाला हाय का? मामाला, मावशीला? न्हाई ना? मग! ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या त्याच हाताला त्याच जागी बोट हाय, तिथं नवं कशाला हुडकायचं? अगदी छडाच लावायचा तर रक्त तपासता येतं म्हनली, बापलेकाचं. म्या म्हनलं नको. रक्त घ्यायचं, पुण्याला पाठवायचं, कागद यायचा — कागद वाचून आमचं घर बोलनार हाय का? त्यांनी पोराची मूठ आपल्या हातानं उगडली व्हती, नातीची बी आपल्या हातानं उगडू द्या. म्हनून मोबाईलवर बोटाचं अवाक्षर काढलं न्हाई म्या. 'पोरगी झाली, या.' येवढंच. इंद्रजितला बी दम दिलाय, वाटंत काय बोलायचं न्हाई. त्यो? त्यानं बगितलं बोट. हसला. मग भाईर नळावर जाऊन तोंड धूत ऱ्हायला, किती येळ धूत ऱ्हायला, शेवटी मागचा मानूस वराडला.

ऐका — गाडी वाजली. इंद्रजितचीच. तिचा फटफटाट मी झोपेत बी वळखते. केस पदराखाली घ्या, ईनबाई, घ्या म्हंते ना! माझा पदर नीट हाय का? कशाला आसंना. आलं, जिना चढतायत. गुडघा दुखतो त्यांचा, दर पायरीला थांबत्यात. तुमी काय बोलू नका हां आता. मी बी न्हाई बोलत.

या, इंद्रजितचं वडील. या. हात धुतलं? धुवा आदी, तिकडं बेसिन हाय. हां. टोपी धर रं त्यांची. पेढा मागनं. न्हाई, मी न्हाई देत उचलून, तुमीच घ्या, आज्जे ना तुमी? धरा नीट, मान सांभाळा. तोंड कुणावर गेलंय ते जाऊ द्या — तुमी आदी मुठी बगता ना? तुमची रीत हाय ती. मग बगा की. डावी न्हाई, आवं उजवी. उगडा हळू.

मोजा आता.

... ईनबाई, मोजतायत. ओठ हलतायत बगा. पुन्यांदा मोजतायत. तिनं धरलं! आवं, तिनं त्यांचं ते बोट धरलं मुठीत, त्येच, सहावं! — माझ्याकडं काय बगताय? माझ्याकडं न्हाई बगायचं. म्या काय केलं? माझ्या मागं बगा, दाराशी तुमची टोपी घिऊन कोन हुबं हाय, त्याच्याकडं बगा.

काय म्हनला? मोठ्यानं बोला, ईनबाईंना ऐकू आलं न्हाई. — 'औंदा पहिली मूठ इंद्रजित टाकंल.' पर त्याच्या हाताला पाचच बोटं हायेत, इंद्रजितचं वडील. चालतील?

चालतील म्हंत्यात.

ईनबाई, तुमी जरा भाईर जावा. खोकं घ्या, सगळ्या वार्डात पेढे वाटून या, त्या नर्सबाईला दोन द्या. आन तो केस नेऊन द्या ज्याचा त्याला. आवं, जावा ना. मला आता काय बोलायचं न्हाई.