भट्टीवरची खिडकी

गावी, कन्नडला, घरचे अजून विचारतात, पीएच.डी. का सोडलीस? एका खिडकीच्या काचेपायी.

संभाजीनगरात आमच्या प्रयोगशाळेत फ्लोराईड घालून काच वितळवायची आणि तिच्यातून आयन किती सहज धावतात ते, म्हणजे तिची वाहकता, मोजायचं, हे माझं काम. फ्लोराईड वाढवलं की वाहकता वाढते, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी आधीच ठरवलेलं. माझ्या मोजणीत ती जागची हलत नव्हती.

"फ्लोराईडचं वजन नीट करत नाहीस तू. अहवालावर सही मिळणार नाय."

"सर, फ्लोराईड काचेत राहतच नाय. भट्टीतून उडून जातंय."

"तीस वर्षं काच करतोय मी!"

तीस वर्षांत स्वतःचं एकदाही चुकलं नाय, असा हा माणूस.

तेवढ्यात शिपाई रफिकमामा फडकं घेऊन आले. "साहेब, भट्टीवरची खिडकी पार आंधळी झाली. तीनदा घासली, निघत नाय."

मी काचेवर बोट फिरवलं. खरखरीत लागलं. वाफेनं काच खाल्ली होती; फ्लोराईडच काच अशी खातं.

"सर, तुमचं फ्लोराईड इथं आहे."

सरांनीही काचेवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "मामा, काच बदलून टाका."

सोमवारी खिडकीला नवी काच होती आणि माझ्या अहवालात सरांनी आकडे बदलून वाहकता वाढवलेली होती. सर आता सही करायला तयार होते. मी नव्हतो.