बाळ ठणठणीत आहे

दवाखान्याच्या बाकावर म्हातारा शिंपी बोटाच्या मलमपट्टीसाठी बसला होता. शेजारी तान्हं बाळ घेतलेली एक मुलगी आणि घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका बोलत होत्या.

"बाळ ठणठणीत आहे. माझ्या घरभेटी आता संपल्या."

"पण ताई, बेंबी लाल दिसतेय."

"कुठे? चांगली कोरडी आहे."

"अंगावर नीट पीत नाही."

"आत्ता तर चुटूचुटू पीत होतं की!"

"झोपेत कण्हतं."

"सगळीच कण्हतात गं. घरी कोण असतं तुझ्या?"

"हे बोटीवर. सासूबाई गेल्या, आई आधीच नव्हती."

"शेजारीपाजारी?"

"दारं लावून कामाला जातात."

"मग दिवसभर बोलतेस कुणाशी?"

"तुम्ही येता ना, तेव्हा बोलते."

"अगं, मला आता पुलापलीकडच्या बाळंतिणी बघायच्यात. बाळाला ताप आला तर निरोप धाड, असेन तशी धावत येईन."

"आणि ताप नाही आला तर?"

सेविकेने पिशवी खांद्याला लावली. म्हणाली, "पलीकडची एक पोरगी अशीच भिंतींशी बोलते. बाळाला गुंडाळ. चल, तिच्याकडे जाऊ."

दोघी गेल्या. आतून नर्सने हाक मारली, "आजोबा, सोबत कुणी आहे का?"

"होत्या," शिंपी म्हणाला, "आत्ताच गेल्या."